शेरा

फहाहील. बाहेर शेहेचाळीस अंश,
आत इतका गारठा की दवाखान्याच्या झग्यात
मी दात आवळून बसलेलो.
नाडी पंच्याऐंशी. साठच्या खाली हवी, म्हणाली मारिवेल.
एक गोळी दिली आणि वाट बघायला लावली.

तिला सांगितलं, बावीस वर्षं मीही हेच करतो,
अहमदीच्या वाळूत, रात्रपाळीला,
नळांचे फोटो.
जोडाच्या एका अंगाला फिल्म, दुसऱ्या अंगाला इरिडियम.
दोरी बांधायची, भोंगा द्यायचा,
सगळ्यांना पन्नास पावलं मागे हाकलायचं
आणि न कापता सांगायचं, आत काय आहे.
तिचं इंग्रजी माझ्याइतकंच. हसली.
"सांस रोको," म्हणाली. तेवढं तिला सगळ्या भाषांत येतं.

जिभेखाली फवारा. कोपरात सुई.
मग ते औषध, ऊन ऊन, घशातून उतरत
पार मांड्यांपर्यंत.
वाटलं, मुतलोच की काय या वयात.
कडं गरगरलं. मी श्वास धरला.
आजवर मी दोरीच्या अलीकडे असायचो.

डॉक्टर नाजींनी पडद्यावर पेन टेकवलं:
ही डावी, पुढून उतरणारी.
आमच्या फिल्मवर काळं वाईट,
काळं म्हणजे धातू कमी पडला.
इथे पांढरं वाईट. पांढरं म्हणजे चुना,
कॅम्पातल्या किटलीच्या बुडाला धरतो तसा.
चुन्याचा आकडा दोनशे बारा.
नळी अर्ध्याहून थोडी जास्त बंद.

मी म्हटलं, मग टाका ती जाळी.
विमा डिसेंबरपर्यंत आहे, रजाही आहे शिल्लक,
आमच्या नारायणनच्या छातीत तीन आहेत
आणि तो अजून परातीवर चढतो.
नाजी म्हणाले, थांबा.
अरुंद आहे, हे दिसलं.
रक्त अडतंय का, ते अजून दिसलेलं नाही.

त्याच चित्रावरून कुठेतरी हिशेब झाला.
गुरुवारी आकडा आला: शून्य पूर्णांक शहाऐंशी.
ऐंशीच्या खाली असता तर बोललो असतो, म्हणाले.
रोज रात्री गोळी. चालणं. सिगारेट बंद.
छातीत दुखलं तर थांबायचं नाही, तडक यायचं.

हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं.
भिंत झिजली आहे, दाब सोसेल.
एका वर्षी सहा नंबरच्या लाइनीवर
बोटभर सावली दिसली होती.
मी शेरा लिहिला: चालेल, लक्ष ठेवावे.
साहेबाला झोप येईना. कापलाच तुकडा.
अकरा दिवस लाइन बंद.
आत थोडा गाळ, बाकी पोलाद नवंकोरं,
आणि नव्या जोडाला सहा महिन्यांत तडा.
नाजींना हे सांगितलं नाही.
त्या खोलीत साहेबाच्या खुर्चीवर मी होतो.

देवगडला फोन लावला.
"कापूचां नाय, तर मगे मशिनीत कित्याक घातल्यानी?"
कुंदाला काय सांगू, न कापण्यासाठीच.
"नुसत्ये गोळ्ये? हॉस्पिटल बरां मां तां?"
मग तो फोटो पाठवला, रंगीत केलेला,
लाल गोळा, त्यावर वेलीसारख्या नळ्या.
बराच वेळ काही नाही. नंतर:
"ह्यां तुमचां काळीज?"
पुन्हा काही नाही.
"बारीक दिसता."

संध्याकाळी मासळीबाजारापासून धक्क्यापर्यंत चाललो.
खिशात हात गेला, पाकीट नव्हतं, तरी गेला.
छातीत काहीतरी हललं. की नाही हललं?
कळत नाही. बावीस वर्षांत कुठला नळ
स्वतःहून काही बोलला?

रात्री साइटवर.
फिल्म लावली, दोरी बांधली, भोंगा दिला.
पोरं पन्नास पावलांवर थांबली.
मी चालतच राहिलो मागे, मागे,
शंभर, एकशे वीस,
"चाचा, किधर?" कुणीतरी ओरडलं.
हात वर केला, तेवढाच.